आधी कैफियत, मग पाना

महसूल खात्यात 32 वर्षे कारकुनी करून, त्यांतली अखेरची काही वर्षे अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढून, मी जेव्हा नीरेच्या काठच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा कैफियत, जबानी, पंचनामा, फैसला ही सारी शब्दसंपदा तहसील कचेरीच्या दफ्तरखान्यात कायमची ठेवून आलो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती खोटी ठरवली आमच्या गोठ्याशेजारच्या छपरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरने. वडिलांनी 1986 साली भूविकास बँकेचे कर्ज काढून घेतलेला हा मॅसी फर्ग्युसन 1035; सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढल्याचे कळले त्या दिवशी आजीने जेवणाचे ताट पुढे सारले होते, असे आमच्या घरात अजून सांगतात. तो बोजा उतरूनही आता एक पिढी लोटली, आजी गेली, वडील गेले, आणि ट्रॅक्टर मात्र धाकट्या भावाच्या व पुतण्याच्या हाताखाली नांगरट, रोटाव्हेटर आणि उसाची ट्रॉली ओढत उभा आहे.

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडून गेल्यावर पुतण्याने तो छपराबाहेर काढण्यासाठी चालू केला, क्लच दाबला, गिअर टाकू लागला, तो पेटीतून असा काही करकराट उठला की गोठ्यातल्या म्हशी दावणीला हिसके देऊ लागल्या. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच आवाज. गिअर काही पडेना. तालुक्याच्या गावी एका कार्यशाळेत दूरध्वनी गेला, तिथून दूरध्वनीवरच निकाल आला की, गिअरबॉक्स कामातून गेला आहे, ट्रॅक्टर खोलावा लागेल, दोन शाफ्ट आणि चार गिअर धरून चाला. ज्या यंत्राला कोणी पाहिले नाही, हात लावला नाही, त्याच्यावरचा हा एकतर्फी हुकूमनामा ऐकून माझ्यातला निवृत्त कारकून जागा झाला. कारण प्रतिवादीची कैफियत न घेता आणि स्थळपाहणी न करता दिलेला निकाल अपिलात टिकत नाही, एवढे तरी मला नोकरीने शिकवले होते.

गावात एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. हात आता कापतो म्हणून त्यांनी पाना खाली ठेवला आहे, पण बोलावले तर येतात. ते आले, ट्रॅक्टरकडे न जाता लिंबाच्या पारावर बसले, चहा घेतला आणि पुतण्याला प्रश्न विचारू लागले. शेवटचा कधी चालवला? अक्षय तृतीयेच्या आसपास. तेव्हा गिअर नीट पडत होता? होय. त्यानंतर कुठे उभा होता? छपरात. छप्पर गळते का? एका कोपऱ्याला गळते. मग त्यांनी एकच काम सांगितले : इंजिन बंद कर आणि आता गिअर टाक. पुतण्याने टाकला, लोण्यात सुरी जावी तसा गिअर पडला, एकेक करून साऱ्या जागी पडला. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, पेटी बेगुनाह आहे. क्लच सुटत नाही. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीय."

या एका वाक्याच्या पाठीमागे जो तर्क आहे, तो मला आमच्या खात्यातल्या कित्येक निकालपत्रांपेक्षा निर्मळ वाटला, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. गिअर बदलताना क्लचचे काम इंजिनाचा फिरता भाग आणि गिअरपेटी यांची क्षणभर फारकत करणे हे असते. ही फारकत झाली नाही, तर पेटीतला एक दाता इंजिनाच्या वेगाने फिरत असतो आणि दुसरा चाकासह स्थिर असतो. अशा दोघांची गाठ घालू पाहिली तर ते एकमेकांवर करकरणारच. इंजिन बंद असताना मात्र दोघेही स्थिर, म्हणून मिलाफ सुखाने होतो. तेव्हा इंजिन चालू असता गिअर पडत नाही व बंद असता पडतो, या दोन साक्षी एकत्र वाचल्या की दोष पेटीच्या आत नाही, तिच्या अलीकडे आहे, हे पाना न लावता सिद्ध होते. आणि पावसाळ्याच्या दमट हवेत महिना-दीड महिना उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट, तिच्यावर प्रेशर प्लेटचा दाब अहोरात्र असल्यामुळे, फ्लायव्हीलच्या गंजलेल्या लोखंडाला धरून बसते, हा तर जुन्या मिस्त्रींच्या नित्याच्या अनुभवातला प्रकार आहे.

उपायही त्यांनी पायरीपायरीने केला. पहिल्यांदा गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लचचे पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवून, इंजिन अर्धा तास तापवले. कधी कधी तेवढ्या उष्णतेने व हादऱ्याने प्लेट सुटते. आमची सुटली नाही. मग ओढ्याकडच्या पडीक रानाच्या उतारावर ट्रॅक्टर नेऊन, समोर माणूस-जनावर काही नाही याची खात्री करून, गिअरमध्येच तो उतारावरून सोडला. प्लेट चिकटलेलीच असल्याने पेडल दाबलेले असूनही इंजिन सुरू झाले आणि ट्रॅक्टर चालू लागला. पुतण्याचा एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर आणि हात इंजिन बंद करण्याच्या दांड्यावर, कारण अशा वेळी थांबण्याचा खात्रीचा मार्ग तेवढाच असतो. थोडा वेग वाढवून त्याने ब्रेकला झटका दिला; एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या झटक्याला आतून "खट्ट" असा आवाज आला, ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला आणि इंजिन मात्र निवांत फिरत राहिले. फारकत झाली होती. खर्च म्हणाल, तर थोडे डिझेल आणि दोन वेळचा चहा. (हा प्रयोग सरावलेल्या माणसानेच मोकळ्या रानात करावा, अंगणात किंवा छपरात करू पाहील त्याच्या घराची भिंत शिल्लक राहीलच असे मी लिहून देणार नाही.)

आता ही गोष्ट मी केवळ चाचांच्या गौरवासाठी सांगत नाही. त्यापूर्वी चार वर्षे याच ट्रॅक्टरचा तिसरा गिअर उतारावर आपोआप सटकत असे. चालकाचा पाय निघाला की दांडा न्यूट्रलला येऊन पडे, आणि मागे भरलेली ट्रॉली असेल तर काळजाचा ठोका चुके. त्या वेळी मी नोकरीत होतो, घरी विचारणारे कोणी नव्हते. भावाने ट्रॅक्टर एका कार्यशाळेत नेऊन सोडला, त्यांनी तो मधोमध वेगळा करून गिअर बदलले, बेअरिंगे बदलली, आणि त्या हंगामाच्या कांद्याची सगळी पट्टी त्या बिलात गेली. पंधरा दिवसांत गिअर पुन्हा सटकू लागला. पुढे कोणीतरी वरचे झाकण उघडून पाहिले तेव्हा गिअरचा दट्ट्या आपल्या खाचेत दाबून धरणारी लहानशी स्प्रिंग तुटलेली सापडली. करंगळीच्या पेराएवढी ती वस्तू, आणि तिच्यासाठी आम्ही निर्दोष गिअरांची शिक्षा भोगली होती. सटकणाऱ्या गिअरची कारणे अनेक असतात हे खरे: स्प्रिंग मऊ पडते, फोर्क वाकतो किंवा झिजतो, दात्यांची टोके गोल होतात, बेअरिंग झिजून शाफ्ट पुढेमागे सरकू लागतो, परंतु यांपैकी पहिले कारण झाकण काढून दिसते आणि शेवटचे पाहण्यासाठी सारे यंत्र फोडावे लागते. ज्या क्रमाने तपास स्वस्त, त्याच क्रमाने तो करावा, हा साधा न्याय आहे. आणि तोच आमच्या गावाकडच्या कार्यशाळांतून दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे.

याचे खापर मी केवळ कारागिरांवर फोडणार नाही. आपण त्यांना कशाचे पैसे देतो ते पाहावे. चाचा अर्धा तास पारावर बसून प्रश्न विचारतात, कान देतात, आणि "काही खोलू नका" असे सांगून उठतात, तेव्हा त्यांच्या हातावर काही ठेवावे असे आपल्या मनातही येत नाही; "काय केलं त्यांनी, नुसतं बघितलं" असे आपणच म्हणतो. उलट जो गिअरपेटी फोडतो, सुटे भाग बदलतो, हात काळे करून दाखवतो, त्याचे बिल आपण घासाघीस करून का होईना, पण चुकते करतो. मग शहाण्या कारागिराने न उघडता निदान करण्याची विद्या का जोपासावी? नाडी पाहणाऱ्या वैद्याला काही न देता केवळ शस्त्रक्रियेचे पैसे देणाऱ्या गावात जे होईल, ते आपल्या ट्रॅक्टरांचे झाले आहे. माझी पहिली सूचना म्हणूनच शेतकऱ्यांना आहे: मिस्त्रीला निदानाची फी वेगळी द्या, आणि ती मजुरीच्या आधी द्या.

ट्रॅक्टरच्या शक्तिवहनाची रचना समजायला फारशी कठीण नाही. महसुलातल्या माणसाला तर ती फारच ओळखीची वाटेल. जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघतो, प्रांताकडे येतो, तिथून मामलेदाराकडे, मंडल अधिकाऱ्याकडे, तलाठ्याकडे, आणि अखेरीस कोतवालाच्या पायांनी शिवारात पोचतो. तसाच इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरपेटीत, तिथून क्राऊन-पिनियनवर, डिफरन्शियलमध्ये, दोन बाजूंच्या शाफ्टांवर आणि शेवटी मागच्या चाकांवर उतरतो. हुकूम बजावला गेला नाही तर तो कोणत्या मेजावर अडला हे शोधावे लागते; आणि त्यासाठी सर्व कचेऱ्यांची कुलुपे फोडण्याची गरज नसते. ट्रॅक्टर ओढ खात नाही म्हणाल, तर आधी इंजिन दमते की क्लच घसरतो हे ठरवा. इंजिन दमत असेल तर त्याचा आवाज खाली येईल, धूर काळा होईल. क्लच घसरत असेल तर इंजिन जोरात फिरत राहील, फाळ मातीत रुतून बसेल, आणि थोड्या वेळाने जळक्या अस्तराचा तो विशिष्ट दर्प नाकात येईल. सपाट जागी, ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडला असता इंजिन गुदमरून बंद पडले पाहिजे. न पडता ते फिरतच राहिले तर क्लच धरत नाही असे समजावे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर तर आणखी एक साक्षीदार हजर असतो: चाके ओढ खात नाहीत, पण पी.टी.ओ.वरचे, म्हणजे मागे जोडलेल्या अवजाराला शक्ती देणाऱ्या शाफ्टावरचे, यंत्र पूर्ण जोराने चालते, तर दोष दोन प्लेटांपैकी चाकांना शक्ती देणाऱ्या प्लेटमध्ये आहे.

आणि क्लच घसरतो म्हटल्यावरही लगेच नवी प्लेट आणायला धावू नये. पेडलाला सुरुवातीची मोकळी चाल, साधारण इंचभर, असावी लागते. नेमके माप ज्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. अस्तर झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते आणि अखेरीस पेडल सोडलेले असूनही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. दांडीचा एक आटा फिरवून जिथे काम भागते, तिथे प्लेट बदलणे म्हणजे फेरफाराच्या नोंदीसाठी पुन्हा जमीन मोजण्यासारखे आहे. उलट चाल फार झाली तर क्लच पुरता सुटत नाही आणि तो आपला करकराट पुन्हा सुरू होतो. मात्र अस्तरावर तेल उतरले असेल, इंजिनाच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरपेटीच्या पुढच्या सीलमधून, तर आटे फिरवून काही साधणार नाही. तिथे ट्रॅक्टर वेगळा करावाच लागतो, आणि सील न बदलता नुसती प्लेट बदलणारा कारागीर पुढच्या वर्षीचे काम आजच बुक करून जातो.

आवाजाची बाब अधिक सूक्ष्म आहे, आणि इथे मला चालक मंडळींशी जरा भांडायचे आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पेडल मोकळे असताना जो आवाज येतो आणि पेडल दाबले की थांबतो, तो बहुधा पेटीच्या पुढच्या शाफ्टाच्या बेअरिंगचा असतो. पेडल दाबल्यावरच जो उठतो, तो रिलीज बेअरिंगचा. एकाच गिअरमध्ये येणारा आवाज त्या गिअरचा, सर्व गिअरांत वेगाबरोबर चढत जाणारा मागच्या क्राऊन-पिनियनचा, आणि सरळ चालताना गप्प राहून फक्त वळणावर बोलणारा डिफरन्शियलमधल्या लहान पिनियनांचा. लोखंड इतक्या स्पष्टपणे आपली जबानी देत असताना ती ऐकायची कोणी? गळीत हंगामात आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि प्रत्येकावर असे प्रचंड ध्वनिक्षेपक बसवलेले असतात की शेजारच्या गावाला गाणे ऐकू जावे. त्या कल्लोळात रिलीज बेअरिंग महिनाभर आक्रोश करते आणि चालकाला त्याचा पत्ता ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडल्यावरच लागतो. क्लचवर सतत पाय टेकवून बसण्याची सवय, दोन ट्रॉल्यांचा बोजा, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करून सोडणे आणि खाली आल्यावर तसाच दाणदिशी गिअर ठोकणे, या चार गोष्टींनी आमच्या पट्ट्यात जितके क्लच आणि जितके गिअर खाल्ले असतील, तितके नांगरटीने नक्कीच खाल्ले नसतील. पुतण्याला मी हे ऐकवले तेव्हा त्याने गाणे बंद केले नाही, पण आवाज कमी केला. त्यावर समाधान मानले आहे.

तेलाविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तेल हा या खटल्यातला मुद्देमाल आहे. आयर्लंडात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने तीन बिंदूंची जोडणी आणि तिच्याशी निगडित हायड्रॉलिक ट्रॅक्टरला दिली, आणि त्याच परंपरेतला, 1950च्या दशकात इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे घडलेला ट्रॅक्टर चेन्नईच्या टॅफे कंपनीमार्फत आपल्याकडे रुजला. या घराण्याच्या ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक पंप एकाच तेलात, सुमारे 32 लिटरच्या सामाईक कुंडात, बुडालेले असतात. ही एकत्र कुटुंबपद्धती मोठी सोयीची खरी, पण एका घरात आजार आला की सगळ्यांना लागतो. गिअरच्या दांड्याची रबरी टोपी फाटली आणि ट्रॅक्टर पावसात उभा राहिला की पाणी थेट त्या कुंडात उतरते. तेल चहासारखे दुधट होते, बेअरिंगांवर गंज चढतो, आणि लिफ्ट कुरकुरू लागते. शंका असेल तर त्या तेलाचे चार थेंब तापलेल्या तव्यावर टाकून पाहावेत. तडतडले तर पाणी आहे. (तवा घरातला नको. हा सल्ला स्वानुभवाचा आहे.) तेल काढायचे ते ट्रॅक्टर चालवून गरम झाल्यावर, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून. फडक्यावर करडा, मऊ, बुक्क्यासारखा गाळ राहिला तर ती वयाची खूण समजावी. पण चकाकणारे कपचे, दात्याचा तुकडा किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याचा अवशेष मिळाला, तर तिथे तपास संपतो आणि पेटी उघडण्याचा हुकूम न्याय्य ठरतो. आवाज येतो म्हणून अधिकाधिक जाड तेल ओतत जाण्याची जी रीत आहे, ती मात्र या ट्रॅक्टरांत आत्मघातकी आहे. तेच तेल पंपाला ओढायचे असते, आणि थंडीच्या सकाळी ते गुळाच्या पाकासारखे घट्ट होऊन बसले की लिफ्ट उचलत नाही, मग लिफ्टची दुरुस्ती सुरू होते. एका रोगावरच्या चुकीच्या औषधाने दुसरा रोग निर्माण करून त्याचीही फी घेण्याचा हा प्रकार आहे.

हे सारे ज्ञान पूर्वी गावातच असे, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते पूर्ण सत्य नाही. लाकडी नांगराच्या काळी सुतार-लोहार हे बलुतेदार होते, अवजाराचा जन्म आणि दुरुस्ती एकाच भात्यापाशी होई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घराघरात नेला, तेव्हाही फाळ झिजला तर नवा फाळ बसवणे शेतकऱ्याच्याच आटोक्यातले राहिले. ट्रॅक्टरने मात्र हा धागा तोडला. 1960च्या दशकात मुंबईजवळ कांदिवलीला ट्रॅक्टर तयार होऊ लागले, हरितक्रांतीबरोबर ते गावोगाव पोचले, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजीत छापलेली दुरुस्तीची पुस्तकेही आली, जी गावापर्यंत कधी पोचलीच नाहीत. शेतकऱ्याच्या हाती आले ते चालवण्याचे पुस्तक: तेल किती घालावे, हवा किती भरावी. यंत्र कसे उघडावे, कोणत्या मापाला काय बसवावे, शाफ्टाला किती चाल असावी, हे सांगणारे पुस्तक कार्यशाळेच्या कपाटात राहिले. तेव्हापासून गावचा मिस्त्री जे शिकला ते उस्तादाच्या शिव्या खाऊन आणि स्वतःच्या चुकांतून. त्याची विद्या त्याच्या कानात आहे, आणि कान कोणी वारशाने देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणे सरासरी वहितीखाते 1.34 हेक्टरचे आहे. एवढ्या रानाच्या धन्याला नवा ट्रॅक्टर परवडत नाही. तो जुना घेतो, किंवा जुना असलेल्या शेजाऱ्याकडून भाड्याने नांगरट करून घेतो. म्हणजे आपल्या लहान शेतीचा गाडा पुष्कळ अंशी याच तीस-चाळीस वर्षांच्या यंत्रांवर उभा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी जी समिती नेमली, तिच्यासमोरच्या वस्तूंत शेतीची अवजारेही होती, आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने तर 2023 साली शेतकऱ्यांना आपली यंत्रे स्वतः दुरुस्त करता यावीत म्हणून स्वतंत्र कायदाच केला. परंतु तिकडची चर्चा बव्हंशी नव्या, संगणकबद्ध यंत्रांची आहे. आपला प्रश्न त्याहून साधा व जुना आहे. ज्या ट्रॅक्टरांत कुलूपबंद असे काहीच नाही, लोखंडावर लोखंड आणि मध्ये तेल एवढाच कारभार आहे, त्यांची दुरुस्तीची पुस्तके आकृत्यांसह मराठीत छापून तालुक्याच्या कृषी कार्यालयात व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ठेवायला कोणती अडचण आहे? त्या संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, मधोमध कापून रंगवलेले गिअरपेटीचे नमुनेही असतात, आणि मुले त्यांवर भागांची नावे शिकतात. नावे शिकावीतच, पण कापलेली पेटी आवाज करत नाही. त्या मुलांपुढे मुद्दाम बिघडवलेला, चालू स्थितीतला जुना ट्रॅक्टर उभा करावा, आणि जो मुलगा पाना न उचलता दोषाची जागा सांगेल त्याला पहिला नंबर द्यावा. गावोगावचे चाचा या परीक्षेला परीक्षक म्हणून मानधनावर बोलवावेत. त्यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही ही सबब पुढे येईल, ती मी नोकरीतल्या अनुभवावरून आधीच ओळखून आहे, आणि तिच्यावर तोड काढणे शासनाला अशक्य नाही, हेही त्याच अनुभवावरून सांगतो.

जुने ते सारे राखावे असा माझा आग्रह नाही. बाहेरचे कवच तडकले असेल, क्राऊन-पिनियनचे दात उडाले असतील आणि सोबत इंजिनही दमले असेल, तर अशा ट्रॅक्टरवर खर्च करणे म्हणजे मुदत संपलेल्या पट्ट्यावर विहीर खोदणे होय. आणि जिथे ट्रॅक्टर वेगळा करावाच लागतो, तिथे तो विटांच्या थरावर तोलून करू नये. पुढचा आस मधल्या खिळीवर झुलणारा असतो, त्यामुळे मागचा भाग सुटताच इंजिनाचा सारा भार एका कुशीवर कलंडू शकतो; आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकून, दोन्ही भागांखाली भक्कम घोड्या लावून मगच बोल्ट सोडावेत. कित्येक चांगल्या कारागिरांनी बोटे गमावली आहेत ती अज्ञानापायी नव्हे, "आता पाच मिनिटांचं तर काम आहे" या घाईपायी.

पुतण्याने आता छपराच्या खांबाला एक वही टांगली आहे. तेल केव्हा बदलले, पेडलाची चाल केव्हा मापली, कोणता आवाज केव्हापासून येतो, याची तारीखवार नोंद तीत असते. अक्षर वाईट आहे, पण नोंदी खऱ्या आहेत, आणि माझ्या सेवाकाळात मी याच्या उलट प्रकारची दफ्तरे पुष्कळ पाहिली आहेत. वाचकांपैकी ज्यांचा ट्रॅक्टर उन्हाळी नांगरट आटोपून उभा आहे, त्यांना चाचांचा एक निरोप पोचवतो: पावसाआधी क्लचचे पेडल पूर्ण दाबून त्याखाली लाकडी ठोकळा अडकवून ठेवा, आणि आठ-पंधरा दिवसांनी एकदा तरी इंजिन चालू करून ट्रॅक्टर चार पावले पुढेमागे करा.